नवतपा, दाखल-खारीज रजिस्टर आणि तापलेली एसएसडी

सिंदी मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. शहर कुठे संपते आणि सिंदी कुठे सुरू होते, हे आता नवख्या माणसाला सांगता येणार नाही. (नागपूरच्या वाटेवरची सिंदी रेल्वे ती वेगळी, ती सेलू तालुक्यात.) तिथल्या एका शाळेतील आमच्या शिक्षकमित्राचा मे महिन्यात दुपारी फोन आला. आवाजात काळजी होती. शाळेची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे त्याने दोन वर्षे खपून पानोपान छायाचित्रित केली होती. शाळेतून गेलेल्या माणसांची नातवंडे जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद शोधत येतात, तेव्हा तीच पाने उलटावी लागतात; आणि दर वेळी उलटताना त्यांचा थोडा भुगा होतो. म्हणून हा खटाटोप. या छायाचित्रांची आणि स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींची मिळून सुमारे ३०० गीगाबाइट माहिती तो संगणकातून एका खिशात मावणाऱ्या एसएसडीवर उतरवत होता. सुरुवातीला सेकंदाला आठ-नऊशे मेगाबाइट असा वेग होता. दोनेक मिनिटांत तो शे-सव्वाशेवर आला आणि डबी हातात धरवेना.

"खराब झाली का हो ही? आणि बरी असेल, तर शाळा उघडेपर्यंत ऑफिसच्या कपाटात ठेवून दिली तर चालेल ना?"

दोन प्रश्न, दोन्ही उष्णतेचे. पहिल्याचे उत्तर सोपे आणि दिलासा देणारे आहे. दुसऱ्याचे तसे नाही, आणि आम्हांला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. पण आधी पहिला घेऊ.

एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक सुई सरकते. एसएसडीमध्ये हलणारे काहीच नसते. असतात त्या चिपा: माहिती साठवणाऱ्या फ्लॅश चिपा आणि त्यांचा कारभार पाहणारी कंट्रोलर नावाची एक चिप. फ्लॅश स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांचा. १९८४ साली त्यांनी ती प्रथम जगापुढे मांडली आणि आजच्या एसएसडीत असते तो 'नँड' प्रकार १९८७ साली. तिच्यातील माहिती एका झटक्यात पुसली जाते, ते पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि नाव पडले ते तेच.

हलणारे काही नाही म्हणजे घर्षण नाही, मग उष्णता येते कुठून? हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर विजेच्या इस्त्रीतलेच आहे. चिपेतून वीज वाहते, आणि चिपेने घेतलेली जवळजवळ सगळी विद्युत ऊर्जा शेवटी उष्णतेतच जाते. संगणकातल्या आजच्या एसएसडी बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब पट्टीच्या आकाराच्या असतात, च्युइंगमच्या पट्टीसारख्या. त्यांना ३.३ व्होल्टचा विद्युतपुरवठा होतो. जोरात लिहिणे चालू असताना दीड अँपिअर धारा घेतली, तर ३.३ गुणिले १.५ म्हणजे सुमारे ५ वॅट. रिकामी बसली असेल तर वॅटभरही नाही. नव्या, अतिवेगवान ड्राइव्ह १० वॅटच्या आसपास जातात. जुन्या पद्धतीच्या, अडीच इंची पेटीतल्या साटा एसएसडी दोन-तीन वॅटवर भागवतात.

पाच वॅट म्हणजे काय मोठे, असे वाटेल. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. पण माणसाच्या कातडीचे क्षेत्रफळ भरते सुमारे १८,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे साडेपाच मिलिवॅट. आपल्या पट्टीच्या दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ भरते ३५ चौरस सेंटिमीटर. पाच वॅट त्यावर वाटले, की दर चौरस सेंटिमीटरला १४० मिलिवॅट, माणसाच्या पंचवीसपट! प्रश्न किती उष्णता तयार होते हा नाही. ती बाहेर पडायला दार केवढे आहे, हा आहे.

आता ढोबळ गणित करू. वारा नसलेल्या हवेत तापलेला पृष्ठभाग अभिसरण आणि प्रारण मिळून दर चौरस सेंटिमीटरला, दर अंश फरकामागे, साधारण एक मिलिवॅट उष्णता सोडतो. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. चहाच्या कपापासून पत्र्याच्या टाकीपर्यंत कुठेही अंदाजाला उपयोगी पडतो. ३५ चौरस सेंटिमीटरची पट्टी दर अंशाला ३५ मिलिवॅट सोडील. एक वॅट सोडायला ती हवेपेक्षा २८ अंशांनी तापली पाहिजे. पाच वॅट सोडायला १४० अंशांनी! खोलीत ४४ अंश असतील तर पट्टी १८४ अंशांवर जायला हवी. तशी ती जात नाही, याची कारणे दोन. काही उष्णता खोबणीतून आणि स्क्रूमधून मुख्य पाटीत, म्हणजे मदरबोर्डात, वाहून जाते. आणि दुसरे, त्याआधीच ड्राइव्ह स्वतः हात आखडता घेते.

हे हात आखडणे म्हणजेच मित्राने पाहिलेली घसरण. एसएसडीत तापमापी बसवलेलीच असते. घरगुती एसएसडीसाठी कामाची मर्यादा बहुतेक उत्पादक ० ते ७० अंश सेल्सिअस देतात. आतल्या तापमापीने ७० ते ८५ च्या दरम्यान उत्पादकाने ठरवलेला आकडा गाठला, की कंट्रोलर मुद्दाम काम मंद करतो. काम कमी, वीज कमी, उष्णता कमी. तापमान उतरले की वेग पुन्हा वाढतो. भर उन्हात जड ओझे नेणारा हमाल मध्येच झाडाखाली टेकतो, तसेच. ड्राइव्ह खराब झालेली नसते, ती शहाणपणाने वागत असते.

पण वेग पडण्याचे आणखी एक कारण असू शकते, आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. पुष्कळ एसएसडी आलेली माहिती आधी एका वेगवान राखीव भागात घाईघाईने उतरवून घेतात आणि मग सावकाश नीट लावतात. धान्याची पोती आधी ओसरीवर टाकावी आणि मागाहून कोठीत रचावी, तसे. ओसरी भरली की वेग पडतो, मग ड्राइव्ह थंड का असेना. तेव्हा कारण कोणते, हे ठरवायचे कसे? मित्राला आम्ही सांगितले, नक्कल चालू असतानाच, न थांबवता, डबीवर टेबलफॅन सोड. (थांबवायचे नाही, कारण थांबलो की ओसरीही रिकामी होते आणि कारण कळत नाही.) शिवाय घरात जर्मनचे ताट असेल तर डबी त्यावर ठेव. त्याने सात-आठ मिनिटांनी पुन्हा फोन केला. वेग चढला होता. कारण उष्णताच होते.

ताट जर्मनचेच का? आपल्याकडे ज्याला जर्मन म्हणतात ते ॲल्युमिनिअम. त्याची उष्णता-वाहकता दर मीटर दर अंशाला २३० वॅटच्या आसपास. स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५. डबीखालची उष्णता स्टीलच्या ताटात डबीखालीच साचून राहील. जर्मनच्या ताटात ती काठापर्यंत पसरेल आणि सगळे ताट हवेला उष्णता देऊ लागेल. एक सावधगिरी मात्र हवी. हे पेटीत बंद असलेल्या ड्राइव्हसाठीच. उघडी पट्टी धातूवर ठेवली तर वीज नको तिथून वाहील आणि ड्राइव्ह खरोखरच मरेल.

संगणकातल्या पट्टीवर जी हीटसिंक बसवतात, ती म्हणजे हेच ताट, फक्त घड्या घातलेले. ॲल्युमिनिअमच्या पातळ पात्यांमुळे तेवढ्याच जागेत क्षेत्रफळ वाढते. समजा ते १५० चौरस सेंटिमीटर झाले. आपल्या एक मिलिवॅटच्या हिशेबाने ५ वॅटसाठी तापमान-वाढ ३३ अंश. त्यावर हलका वारा घातला तर पृष्ठभागाची उष्णता सोडण्याची क्षमता सहज तिप्पट होते, आणि वाढ ११ अंशांवर येते. १४० वरून ३३, तेहेतीसवरून ११. याहून स्वस्त सुधारणा संगणकात दुसरी नसेल.

हीटसिंक आणखी एक काम करते, ते कमी लोकांच्या ध्यानात येते. उघड्या पट्टीचे वजन सुमारे ८ ग्रॅम. तिची विशिष्ट उष्मा धारकता दर ग्रॅमला एक ज्यूलच्या जवळपास धरली, तर पट्टी एक अंशाने तापायला ८ ज्यूल लागतात. सेकंदाला ५ ज्यूल मिळत असतील तर ४० अंशांवरून ८० वर जायला अवघे मिनिटभर. तीस ग्रॅमची ॲल्युमिनिअमची हीटसिंक लावली, की एकूण ३५ ज्यूल लागतात, आणि त्याच चढाला साडेचार मिनिटे. पातळ तवा आणि बिडाचा तवा यांतला हा फरक. रोजची कामे बहुधा मिनिटाच्या आत उरकतात; त्यामुळे नुसत्या धातूच्या वजनानेही बरेचसे काम भागते.

मात्र हीटसिंक बसवताना एक चूक वारंवार होते. चिप आणि धातू यांच्यामध्ये एक मऊ पट्टी, थर्मल पॅड, घालायची असते. ती कशाला, धातू सरळ चिपेवर दाबला तर नाही का चालणार? हे गणितच उत्तर देईल. दोन घट्ट पृष्ठभाग आपल्याला चिकटलेले दिसले तरी मध्ये कुठेतरी हवा राहतेच. ती वहीच्या पानाएवढी, ०.१ मिलिमीटर जाडीची धरा. हवेची वाहकता ०.०२६. दीड चौरस सेंटिमीटरच्या चिपेवर हा थर दर वॅटला सुमारे २५ अंशांचा फरक पाडतो. त्या जागी दहापट जाड, म्हणजे १ मिलिमीटरचा, पण ३ वाहकतेचा पॅड घातला, तर फरक दर वॅटला २ अंशांच्या थोडा वर. हवा ही फार वाईट वाहक आहे. गोधडी ऊब देते ती याच गुणाने. पॅडला दोन्ही बाजूंनी चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा न काढताच हीटसिंक बसवलेली ड्राइव्ह आम्ही एकदा नव्हे, तीनदा पाहिली आहे.

आता सिंदी मेघेला परत येऊ, कारण इथवरचे सगळे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या शाळेलाही लागू आहे. वर्ध्याचा अक्षांश सुमारे पावणेएकवीस अंश उत्तर. मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य इथे भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपाही नेमका तेव्हाचाच. पाऊस अजून दूर, हवा कोरडी, पारा ४५ च्या आसपास. विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की इथे या दिवसांत पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते.

आणि तीच गोष्ट संगणकाची. पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त पृष्ठभागाजवळचा तापलेला थर हटवून खोलीतली हवा तिथे आणतो. पंख्याने किंवा हीटसिंकने कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. वर काढलेले ३३ किंवा ११ अंश हे खोलीच्या तापमानावर चढवायचे आकडे आहेत. ड्राइव्ह ८० अंशांवर हात आखडते असे समजू. पंचवीस अंशांच्या खोलीत तिला ५५ अंशांची मोकळीक आहे. चव्वेचाळीसच्या खोलीत फक्त ३६ ची. उष्णता फरकाच्या प्रमाणात बाहेर पडते, म्हणून तीच ड्राइव्ह तेच काम विदर्भातल्या मे महिन्यात सलगपणे दोन-तृतीयांश जोरानेच करू शकेल. वेगाचे जाहिरातीतले आकडे थंड प्रयोगशाळेतले असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

वर्गात हे दाखवायचे असेल तर स्टीलचे दोन सारखे पेले घ्या. दोन्हींत सारखेच कढत पाणी ओता, तोंडे झाका, एकावर पंखा सोडा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. आलेखावर पंख्यातला पेला झरझर उतरताना दिसेल. पण दोन्ही रेषा अखेर टेकतात त्या एकाच आडव्या रेषेवर, खोलीच्या तापमानाच्या. झाकण ठेवायला विसरू नका. उघडे ठेवले की पाण्याची वाफ होऊ लागते आणि प्रयोगात दुसरेच तत्त्व शिरते.

त्या दुसऱ्या तत्त्वावरच विदर्भाचा उन्हाळा निभतो. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात आणि कूलर ते हवेतून काढून घेतो. हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेली तापमापी २४ अंशांच्या आसपास दाखवते. चांगला कूलर त्याच्या जवळ, २८ ते ३० अंशांपर्यंत, हवा आणू शकतो. म्हणजे आपली मोकळीक ३६ वरून पुन्हा पन्नासावर! संगणकाच्या खोलीला कूलर लावावा की नाही, असे शिक्षक विचारतात. ओल्या हवेची भीती वाटते. आमचे मत, लावावा, पण समोरची एक खिडकी उघडी ठेवून, आणि संगणक त्याच्या तोंडापुढे न मांडता. ओली हवा स्वतः चालू संगणकाला त्रास देत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरम असतात आणि गरम वस्तूवर दव धरत नाही. त्रास देतात ते उडणारे थेंब. ते वाळले की त्यांतले क्षार मागे राहतात. मृग लागून हवा दमट झाली की कूलरचा उपयोगही संपतो.

खोली कोणती निवडावी, यालाही अर्थ आहे. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच शाळांत संगणक सर्वांत वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली होते, कारण ती खोली नंतर बांधलेली आणि म्हणून मोकळी होती. सिंदी मेघेपासून सेवाग्राम लांब नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी, ऐन उन्हात, गांधीजी तिथे राहायला आले. तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते. मीराबेन यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या तिथल्या कुट्या आजही उभ्या आहेत, मातीच्या जाड भिंती, बांबू आणि वर कवेलू. जाड भिंत दुपारची उष्णता पोटात घेते आणि ती आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पत्रा ती क्षणात खाली देतो. बिडाचा तवा आणि पातळ तवा, पुन्हा तेच. शाळेची खालच्या मजल्यावरची, जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली संगणकाला द्यावी आणि पत्र्याखाली बाके ठेवावी.

बाकीचे उपाय इतके घरगुती आहेत की लिहिताना संकोच वाटतो. संगणकाची पेटी टेबलाच्या ज्या कप्प्यात कोंबतात त्याची मागची फळी काढून टाका. भरतकामाचे झाकण यंत्र चालू असताना घालू नका. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. मदरबोर्डावर दोन खोबणी असतील तर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांच्यापासून दूरची निवडा. साधी साटा एसएसडी असेल तर तिला हीटसिंक लागतच नाही. आणि रंगीत दिवे लावलेल्या महागड्या हीटसिंका तर कोणालाच लागत नाहीत. तापमान किती आहे हे विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील डिस्कच्या माहितीत दिसते. इतरांनी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम वापरावा. एक गंमत सांगायची तर, एनव्हीएमई जातीची ड्राइव्ह आपले तापमान संगणकाला केल्विनमध्येच कळवते. ती ३१८ म्हणते, पडद्यावर २७३ वजा होऊन ४५ दिसतात. निरपेक्ष तापमान कोण वापरतो, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे उत्तर चांगले आहे.

आता दुसरा प्रश्न. कपाटात ठेवली तर चालेल का?

फ्लॅश चिपेत माहिती म्हणजे अडकवून ठेवलेले इलेक्ट्रॉन. अतिसूक्ष्म कप्प्यांभोवती विद्युतरोधकाची भिंत असते. जोराचा विद्युतदाब देऊन इलेक्ट्रॉन त्या भिंतीपलीकडे ढकलायचे आणि वीज काढून घ्यायची. ते तिथेच राहतात. किती इलेक्ट्रॉन आहेत यावरून अंक ठरतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एका कप्प्यात तीन बिट ठेवतात, म्हणजे भरण्याच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. माठाच्या आतल्या बाजूला आठ रेघा आखल्या आहेत आणि पाणी कोणत्या रेघेवर आहे तेच आपले उत्तर, अशी कल्पना करा. माठाला पाझर असतो. पाणी एक रेघ खाली गेले, की उत्तर चुकले. पुन्हा पुन्हा लिहून-पुसून भिंत झिजते तसा पाझर वाढतो. आणि उष्णतेने वाढतो, तोही फार झपाट्याने, कारण तापमान वाढले की अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या घातांकी रीतीने वाढते. रसायनशास्त्रात अऱ्हेनिअसचे समीकरण शिकवतो, तेच इथे लागू पडते.

जेडेक या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या मानकसंस्थेने २०१० साली एसएसडीसाठी जे मानक काढले, त्यात घरगुती ड्राइव्हची कसोटी अशी आहे: ठरवून दिलेले सारे लेखन-आयुष्य संपल्यावरही, वीज नसताना ३० अंशांवर तिने माहिती एक वर्ष टिकवली पाहिजे. आता हेच वर्ष तापमानाबरोबर कसे आटते ते समीकरणाने काढता येते. इथल्या तापमानांच्या टप्प्यात हिशेब साधा निघतो: दर ५ अंशांना काळ निम्मा. ३० अंशांवर ५२ आठवडे, ३५ वर २६, ४० वर १३-१४, आणि ४५ वर जेमतेम सात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्राच्या मागाहून, जून संपता संपता उघडतात. पत्र्याच्या छपराखालचे लोखंडी कपाट, मे आणि जून. आठ आठवडे.

हे वाचून कोणी घाबरू नये. हा हिशेब पूर्ण झिजलेल्या ड्राइव्हचा आहे. नव्या ड्राइव्हची भिंत धड असते आणि ती याच्या कितीतरी पट काळ टिकाव धरते. २०१५ साली हेच कोष्टक संदर्भ सोडून जगभर फिरले आणि एसएसडी बंद ठेवली की काही दिवसांत कोरी होते, अशी आवई उठली. ती खोटी होती. पण आमच्या मित्राची डबी नवी नव्हती. शाळेच्या जुन्या संगणकातून काढलेली ड्राइव्ह त्याने पेटीत बसवली होती. ती किती झिजली आहे हे वरच्या प्रोग्रॅममध्येच टक्क्यांत दिसते. त्याने पाहिले, आयुष्याचे पंधरा टक्के उरले होते.

एक उलटे वाटणारे सत्यही यात दडलेले आहे. लिहिताना ड्राइव्ह थोडी गरम असणे माहितीच्या टिकाऊपणाला उपकारकच असते. उबेत लिहिले की भिंतीची झीज काहीशी भरून निघते. घातक आहे ते लिहून झाल्यावर, वीज नसताना, तापत पडून राहणे. म्हणजे ज्या चटक्याने मित्र घाबरला होता तो निरुपद्रवी होता, आणि ज्या कपाटावर त्याचा भरवसा होता तेच धोक्याचे. त्यातही लोखंडी कपाटाचे दार बंद असले की आत अंधार असतो, आणि अंधार म्हणजे गारवा असे आपले मन उगाच धरून चालते.

काय करावे? जपून ठेवायच्या मालासाठी एसएसडी हे मुळात योग्य भांडे नाही. हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय असते, तिला हा पाझर नाही. म्हणून मूळ प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी एसएसडीवर, आणि दोन्ही वेगवेगळ्या इमारतींत. एसएसडी घरातल्या सर्वांत गार खोलीत, जमिनीलगत ठेवावी. आणि दोन-तीन आठवड्यांनी ती संगणकाला जोडून सगळ्या फायली एकदा वाचून काढाव्या. वीज मिळाली की बऱ्याच ड्राइव्हचा कंट्रोलर डळमळीत झालेल्या पातळ्या ओळखतो आणि ते कप्पे नव्याने भरतो. नुसती जोडून लगेच काढली तर त्याला वेळ मिळत नाही. तासभर राहू द्यावी.

मित्राने एक हार्ड डिस्क विकत आणली आणि त्या रात्री, हवा जरा निवल्यावर, सगळे पुन्हा उतरवले. ती मुख्याध्यापकांच्या घरी गेली. एसएसडी त्याच्या आईच्या जुन्या मातीच्या घरात, देवघराच्या खोलीत, फडताळाच्या खालच्या खणात आहे. तिथे त्याने एक तापमापीही ठेवली आहे. नवतप्यात दुपारी तीनला अंगणात ४५ अंश असताना खणात ३४ होते, असे त्याने कळवले. आता विद्यार्थ्यांकडून तो गावातल्या पत्र्याच्या, स्लॅबच्या आणि कवेलूच्या घरांतली अशीच मोजमापे गोळा करणार आहे.